पंप की सेमी-ऑटो? दुनळी बरी!

काही भांडणं कधीच संपत नाहीत. व्हीआय की इमॅक्स, टॅब की स्पेस, पुणे की मुंबई. त्याच जातकुळीतलं आणखी एक भांडण मला अलीकडे सापडलं : शॉटगन घ्यायची तर पंप-अॅक्शन की सेमी-ऑटोमॅटिक? अमेरिकेतली मंडळी ह्यावर तासन् तास व्हिडिओ बनवतात आणि ते आपल्याकडेही चवीने बघितले जातात. आपल्याकडे म्हणजे कुठे? तर आमच्या भिवंडीत! मानकोली-अंजूर पट्ट्यात गोदामं असलेले एक काका (मित्राचे काका, म्हणजे आमचेही काकाच) मला अगदी सिरियसली विचारत होते, "तू इंजिनियर ना रे, मग सांग कुठली घेऊ? सेमी-ऑटो फास्ट असते म्हणे." इंजिनियर म्हणजे मोबाइलपासून मिक्सरपर्यंत आणि आता बंदुकीपर्यंत सगळं कळणारा प्राणी, हा समज आपल्या समाजात किती खोल रुजलाय ते ह्यावरून कळावं. असो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच शनिवारच्या मिसळीकडे वळावं. भिवंडीच्या गोदामासाठी "पंप की सेमी-ऑटो" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यातला एक पर्याय कायदा तुम्हाला देतच नाही. दुसरा मिळतो, पण ज्याच्या हातात तो जाणार त्या माणसासाठी तो बरोबर नाही. बंदूक ठेवायचीच असेल तर जुनी दुनळी ठेवावी. आणि ह्या "असेल तर" वर मी जरा वेळ घालवणार आहे.

ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शॉटगन म्हणजे आपली "बारा बोअर". एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जेवढा व्यास, तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. रायफलसारखे आत आटे नसतात, नळी गुळगुळीत असते आणि काडतुसात बहुतेक वेळा एका गोळीऐवजी छर्रे असतात. दुनळीत दोन नळ्या, दोन काडतुसं. बंदूक मधून मोडायची, भरायची, बंद करायची. पंपमध्ये नळी एकच, तिच्याखाली काडतुसांची दुसरी नळी, आणि पुढचा दांडा मागेपुढे केला की रिकामं काडतूस बाहेर व नवीन आत. सिनेमात हिरो एन्ट्री घेताना जो "खचाक खचाक" आवाज येतो तो हाच. सेमी-ऑटोमध्ये हेच काम बंदूक स्वतः करते, झाडलेल्या काडतुसाच्या धक्क्यावर किंवा वायूच्या दाबावर. तुम्ही फक्त चाप ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा.

गंमत म्हणजे ज्या दोन पार्ट्या आज एकमेकांशी भांडतात, त्या दोघींचा कुलपुरुष एकच आहे. जॉन ब्राउनिंग. पंप त्याच्या आधीही होती (स्पेन्सरची १८८२ ची), पण ती खऱ्या अर्थाने चालली ती ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी केलेल्या १८९३ आणि १८९७ च्या मॉडेलांमुळे. मग त्याच माणसाने सेमी-ऑटो शॉटगन बनवली. विंचेस्टरची पद्धत अशी की डिझाइन एकरकमी विकत घ्यायचं, विषय संपला. ह्यावेळी ब्राउनिंग म्हणाला, मला प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी पाहिजे. कंपनी म्हणाली, जमणार नाही. तो उठला आणि रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ ची गोष्ट : हा भेटीसाठी थांबलेला आणि तिकडे रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. शेवटी स्वारी बोटीत बसून बेल्जियमला, एफएन कंपनीकडे. तिथे जी "ऑटो-५" तयार झाली तिचं उत्पादन १९९८ पर्यंत चाललं! अॅप्रेझलच्या मोसमात ही गोष्ट मी टीममध्ये अनेकांना सांगितलीय. मॅनेजरला नाही सांगितली :)

आता खरा इंजिनियरिंगचा मुद्दा. दोघींत फरक वेगाचा आहे असं लोकांना वाटतं, आणि आहेही थोडा. पण सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर फरक असा आहे की एरर कुठे येते. सेमी-ऑटोला इनपुट ठरावीक मर्यादेत लागतं. काडतूस पुरेसं ताकदवान नसेल, यंत्रात मळ साचला असेल, वंगण वाळलं असेल, तर रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकतं. ऑटो-५ मध्ये तर हलक्या आणि जड काडतुसांसाठी आतल्या घर्षणाच्या कड्या वेगळ्या पद्धतीने लावाव्या लागत. म्हणजे चक्क कॉन्फिगरेशन फाइल! पंपला हे काही लागत नाही. हलकं, भारी, कसलंही काडतूस द्या. ते बदलण्याची ताकद युजरच्या हातातून येते. म्हणून जगभरच्या पोलिसांना रबरी गोळ्या किंवा तत्सम कमी ताकदीची काडतुसं वापरायची असली की पंपच बरी पडते. रेमिंग्टनची ८७० नावाची पंप १९५० पासून बाजारात आली आणि एक कोटीहून जास्त विकली गेली, ती काय उगाच नाही.

पण युजरच इंजिन आहे म्हटल्यावर युजरची घाबरगुंडी हीच मशीनची घाबरगुंडी. भीतीने हात थरथरत असताना माणूस दांडा पूर्ण मागे आणत नाही, अर्ध्यातच पुढे ढकलतो, आणि बंदूक अडकते. ज्याने हजार वेळा सराव केलाय त्याच्या हाताला ते आपोआप येतं. ज्याने केला नाही त्याच्या हाताला ऐनवेळी कुठून येणार?

भिवंडीकरांना हे समजावायला मागाचं उदाहरण पुरतं. आमच्याकडचे साधे पॉवरलूम बघितलेत कधी? धोट्यातली कांडी संपली की कामगार माग थांबवतो, नवी कांडी घालतो, परत चालू. बाहेरचे लोक येऊन विचारतात की अजून हे जुनं का चालवता, ऑटोमॅटिक का नाही घेत? भांडवल हे एक कारण आहेच. पण साधा माग धूळ खातो, विजेचा लपंडाव खातो, हलकं सूत खातो, आणि बिघडला तर गल्लीतला जॉबर पाना-हातोडी घेऊन तासाभरात चालू करतो. भारी मशीनला सूत चांगलं लागतं, हवा लागते, शिकलेला माणूस लागतो. मशीन चांगलं की वाईट हे मशीनकडे बघून ठरतच नाही. ते ठरतं सूत कसलं आहे आणि कामगार कोण आहे ह्यावर. हा अर्धा मुद्दा काकांना लगेच पटला, कारण त्यांच्या वडिलांचे माग होते.

उरलेला अर्धा मुद्दा कायद्याचा, आणि इथे व्हिडिओवाले गोरे काका कामाला येत नाहीत.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालचे जुने नियम १९६२ चे, नवे २०१६ चे. ह्या नियमांच्या वर्गवारीत सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात जातात, म्हणजे सामान्य माणसाला साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या (पिस्तुलांचा वर्ग वेगळा, त्यात सेमी-ऑटो चालतं). २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बंदूकही त्याच पंगतीत. मान्यताप्राप्त नेमबाजांना काही सवलती आहेत, त्यांचं सोडा. गोदामवाल्या माणसाने सेमी-ऑटो शॉटगनची स्वप्नं बघणं म्हणजे आपण घरात सर्व्हर रूम काढण्याची स्वप्नं बघण्यासारखं आहे. शिवाय परदेशी बंदूक आयात करणं सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे व्हिडिओत दिसणाऱ्या चकचकीत इटालियन बंदुका इथे दुकानात जाऊन "दाखवा जरा" म्हणण्यासारख्या नाहीत. मिळते ती आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची बारा बोअर पंप. २०२१ साली ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, तेव्हा बंदुका कानपूरच्या कंपनीकडे गेल्या आणि काडतुसं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. नाहीतर मग मुंगेर किंवा जम्मूच्या छोट्या कारखान्यांच्या एकनळी-दुनळी, किंवा कोणाच्या तरी आजोबांची विलायती दुनळी, जी परवान्यावरून परवान्यावर फिरत आलेली असते.

कायद्याचं कलम १३ तर मुळातून वाचण्यासारखं आहे. त्यात लिहिलंय की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, ह्यांचा परवाना द्यावा. ठासणीची! म्हणजे पुढून दारू ठासायची, छर्रे ठासायचे, मग एक बार. पुढचा बार काढेपर्यंत डुक्कर सावंतवाडीहून बांद्याला पोचलेलं असतं. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा बंदुका अजून परवान्यावर आहेत आणि दर निवडणुकीला त्या पोलिसात जमा करायला लावतात म्हणून दर निवडणुकीला बोंबाबोंब होते. (सरसकट जमा न करता प्रत्येक परवान्याची छाननी करा, असं मुंबई हायकोर्टाने सांगितलेलं आहे.) ठासणीने भागत नसेल तर शेतकऱ्याला साधी काडतुसाची बंदूक देता येते अशीही सोय त्याच कलमात आहे. मला ह्यात एक विचार दिसतो. कायदा करणाऱ्यांनी कामाकडे बघून बंदूक ठरवली. किती बार पटापट काढता येतात हा त्यांचा निकष नव्हताच. १९५९ च्या बाबू लोकांना आपण कितीही नावं ठेवली तरी रिक्वायरमेंट अॅनालिसिस त्यांनी केलं होतं, जे आमच्या कंपनीत आजही होत नाही.

बरं, परवाना ज्याच्या नावावर त्यानेच बंदूक बाळगायची. गोदाममालकाच्या परवान्यावर राखणदाराचं नाव रिटेनर म्हणून चढवावं लागतं. आमच्या शहरात परवान्याचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने लग्नात-वरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम आलं. हे शेवटचं मी काकांना मुद्दाम दोनदा सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न आहे.

तर आता उरली पंप. आणि तिच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस.

बंदूकवाला गार्ड तुम्ही रोज बघता पण तुमच्या डोळ्यांना तो दिसत नाही. एटीएमच्या गाडीशेजारी, सराफाच्या दारात, सहकारी बँकेच्या पायरीवर. प्लॅस्टिकची खुर्ची, दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरलेली बंदूक, खांद्यावर तिरका काडतुसांचा पट्टा. रोकड वाहणाऱ्या गाड्यांसाठी केंद्राने २०१८ साली नियम केले : गाडीत दोन सशस्त्र रक्षक हवेत, शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रोकड नाही वगैरे. खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण सांगितलंय, माजी सैनिक आणि पोलिसांना त्याहून कमी. कागदावर ठीकच आहे. पण ह्या १६० तासांत गणवेश, शिस्त, आग, प्रथमोपचार, गर्दी, कागदपत्रं तपासणं असं सगळंच बसवायचंय, आणि बंदूक त्यातला एक विषय.

मग गार्ड नोकरीला लागतो. बारा तासांची ड्युटी. पुढच्या पाच वर्षांत तो किती काडतुसं झाडतो? मी आमच्या भागातल्या तीन वेगवेगळ्या गार्डना चहा पाजून हा प्रश्न विचारला. एक माजी सैनिक होता, तो म्हणाला, "फौज में बहुत चलाई साहब, यहाँ एक भी नहीं." दुसऱ्याने आठवून आठवून दोन सांगितली. तिसरा नुसता हसला. तीन माणसांवरून सर्व्हे होत नाही हे मलाही कळतं, पण तुम्ही तुमच्या सोसायटीशेजारच्या बँकेत विचारून बघा. काडतूस महाग, रेंज लांब, परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली, आणि मालकाला वाटतं की बंदूक नुसती दिसली तरी काम झालं. खरं सांगायचं तर बहुतेक दिवस ते खरंही असतं!

आता ह्या माणसाच्या हातात पंप द्या. बाहेरून बघून कळत नाही की नळीत काडतूस आहे की नाही. खालच्या नळीत चार असतील, वर एक असेल किंवा नसेल. सकाळपाळीचा गार्ड रात्रपाळीच्याला बंदूक देतो तेव्हा ही स्टेट कुठे लिहिलेली असते? कुठेच नाही, दोघांच्या डोक्यात असते, आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळी असू शकते. मल्टिथ्रेडिंग केलेल्यांना हा बग बरोबर ओळखता येईल. सेफ्टीची कळ आहे ना, असं काका म्हणाले. बहुतेक शॉटगनमध्ये ती कळ फक्त चाप अडवते. बंदूक पडली-आपटली तर आत काय होईल ह्याची हमी ती देत नाही. साफ करताना, खुर्चीवरून उठताना, दुसऱ्याला देताना गार्डच्या बंदुकीतून बार उडाला आणि कोणीतरी जखमी झालं किंवा गेलं, अशा बातम्या पेपरच्या आतल्या पानावर येत राहतात. दरोडेखोर बाजूलाच राहिला, मेला तो कॅशियर.

दुनळी मोडली की दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर. काडतूस आहे किंवा नाही. आंधळ्यालाही बोटाने कळतं. पाळी बदलताना मोडूनच द्यायची, मोडूनच घ्यायची, इतका एक नियम पाळला तर निम्मे अपघात जागेवरच संपतात. मोडलेली बंदूक दंडावर टाकून चाललेला माणूस लांबूनही निरुपद्रवी दिसतो. आत अडकण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. एका नळीचं काडतूस फुसकं निघालं तरी दुसरी नळी स्वतंत्र, म्हणजे रिडन्डन्सी फुकटात. आणि दोनच बार? हो, दोनच. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोडांनी रौप्यपदक मिळवलं ते दोन नळ्यांच्याच बंदुकीने, एकावेळी उडणाऱ्या दोन चकत्यांवर दोन बार. तिसऱ्याची सोयच नव्हती. अर्थात राठोडांनी आयुष्यात किती काडतुसं झाडली आणि आमच्या गार्डने किती, ही तुलना नको. मुद्दा उलटा आहे. ज्याचे पहिले दोन बार कुठे जातील हे सांगता येत नाही, त्याला आणखी तीन देऊन तुम्ही नक्की काय सुरक्षित करताय?

कारण ते छर्रे कुठेतरी जाणारच आहेत. सिनेमात शॉटगन म्हणजे समोरचं सगळं झाडूसारखं साफ. प्रत्यक्षात दहा मीटरवर छर्ऱ्यांचा फेर ढोबळमानाने फूटभराचा असतो, म्हणजे नेम धरावाच लागतो. आणि चाळीस मीटरवर ते इतके पसरतात की काही चोराला लागतील आणि बाकीचे त्याच्या आसपास जे असेल त्याला. आमच्या गोदामांच्या कंपाउंडमध्ये रात्री आसपास कोण असतं ते बघितलंय? कंटेनरच्या केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर. गाळ्यासमोरच्या ओट्यावर चादर अंगावर घेतलेले हमाल. टपरीवाला. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने गर्दीत काय होतं ते आपण २०१६ साली काश्मीरमध्ये बघितलं. तिथे वापरलेल्या "पेलेट गन" म्हणजे ह्याच जातीच्या बारा बोअर पंप, बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसांसह. शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि हे झालं प्रशिक्षित दलांच्या हातून. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा वेगळा लेख होईल, कदाचित भांडणही होईल. मी फक्त छर्ऱ्यांबद्दल बोलतोय. ते माणूस बघून वळत नाहीत.

आणि समजा नेम बरोबर लागला. पुढे काय? भिवंडीत चोरी म्हणजे काय असते? कापडाचे तागे, सुताची पोती, हल्ली मोबाइलचे खोके. स्वसंरक्षणाचा अधिकार आधी भारतीय दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाण्याचा अधिकार कायदा मोजक्याच प्रसंगी देतो : जबरी चोरी, रात्री घर किंवा गोदाम फोडून शिरणं, अशा जागेला आग लावणं, किंवा चोरीच्या वेळी जिवाची वा गंभीर इजेची रास्त भीती. तिथेही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. कुलूप फोडून आत शिरलेला चोर आत आहे तोवर एक गोष्ट. तोच चोर हातातलं खोकं टाकून भिंतीवरून उडी मारून पळाला की गोष्ट बदलली. उघड्या आवारातल्या ट्रकवरून तागा उचलून पळणारा पोरगा ही तिसरीच गोष्ट. ही तिन्ही प्रकरणं रात्री अडीच वाजता, बंद पडलेल्या ट्यूबलाइटखाली, झोपेतून उठलेल्या माणसाने दोन सेकंदांत वेगळी करायची आहेत. वकिलांना त्यासाठी दोन वर्षं लागतात. आणि निर्णय चुकला तर आत जाणार तो गार्ड, शेठ नाही. गावाकडे त्याचं कुटुंब ज्या पगारावर चालतं, त्या पगारात हा धोका धरलेला आहे का? मला नाही वाटत कोणी हा हिशोब मांडलाय.

म्हणून "असेल तर" वर मी अडलोय. काकांना मी विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुमच्या गाळ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं? ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, आगीने. भिवंडीत राहणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. गोदामाच्या आगीचा काळा धूर नाशिक हायवेवरून किती वेळा दिसतो ते विचारा इथल्या रिक्षावाल्यांना. कापड, प्लॅस्टिक, केमिकल, सगळं एकाला एक लागून, मधून टँकर जायला जागा नाही. एका पंप बंदुकीच्या, परवान्याच्या खटपटीच्या आणि सशस्त्र गार्डच्या वर्षभराच्या जादा पगाराच्या पैशात चांगले कॅमेरे, जाड शटर, आवारात उजेड, आग विझवायची सामग्री आणि एकाऐवजी दोन जागे राखणदार बसतात. दोन माणसं असली की एकाला डुलकी लागते तेव्हा दुसरा जागा असतो. आणि चोराला बंदुकीपेक्षा उजेडाची भीती जास्त वाटते, हे माझं मत नाही, नारपोलीच्या एका जुन्या पोलीस हवालदारांचं आहे. खरोखरच सोनं-नाणं किंवा रोकड ठेवणारा धंदा असेल आणि सशस्त्र पहारा लागणारच असेल, तर महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून रीतसर रक्षक मागवता येतात. २०१० च्या कायद्याने ते त्याचसाठी काढलंय. निदान तिथे बंदुकीची आणि बंदूकवाल्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर स्पष्ट असतं.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "ते सगळं खरं रे, पण बंदूक असली की माणूस वचकून असतो." ह्या वाक्यावर माझ्याकडे लॉजिकल उत्तर नाही, कारण हे लॉजिकचं वाक्यच नाही. आमच्या भागात बंदूक म्हणजे अर्धी सुरक्षा आणि अर्धी इज्जत. जमिनीला भाव आला, गोदामं उठली, पांढरी गाडी आली, तसा गाडीच्या पुढच्या सीटवर गनमॅनही आला. इज्जतीसाठी पंप हवी, कारण दुनळी जुनाट दिसते आणि पंप सिनेमातली दिसते. सेमी-ऑटो त्याहून भारी, म्हणून तर तो प्रश्न आला ना! इज्जतीला माझा विरोध नाही. फक्त ती लोड करून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवू नये.

तरीही कोणी घेणारच असेल तर माझी यादी छोटी आहे. दुनळी घ्या, शक्यतो बाहेरून घोडे दिसणारी, म्हणजे चढवलेली आहे की उतरवलेली ते अंधारातही हाताला कळतं. गार्डचं नाव परवान्यावर चढल्याशिवाय ती त्याच्या हातात देऊ नका. पाळी बदलताना मोडून द्यायची-घ्यायची आणि वहीत सही करायची, दोघांची. खडकीच्या फॅक्टरीची काडतुसं काही लोणचं नाही की मुरल्यावर चांगली होतील. पट्ट्यात वर्षानुवर्षं घामाने ओली-सुकी झालेली काडतुसं ऐनवेळी दगा देतात. दरवर्षी जुनी काडतुसं गार्डला रीतसर रेंजवर नेऊन त्याच्याच हातून संपवा आणि नवी घ्या. त्या दिवशी स्वतः बरोबर जा, आणि तो नेम धरताना त्याच्या मागे उभं राहून बघा. काकांनी पुढच्या महिन्यात जायचं ठरवलंय. मलाही चल म्हणालेत, त्या रविवारी रिलीज नसलं तर जाईन.